"सगळं करून बघितलं" हे पुन्हा म्हणू नकोस

"मॅडम, सगळं करून बघितलं, तरी गेम क्रॅश होतोच." वर्गाबाहेर थांबवून मोठ्या आत्मविश्वासाने हे तू मला सांगितलंस. तू पाठवलेली यादी मी नीट वाचली आहे, तेव्हा आता शांतपणे ऐक. मध्ये बोलू नकोस.

एका रविवारात तू बायोस अपडेट केलास, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बदललास, फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकलंस, रॅमच्या स्टिक इकडच्या तिकडे केल्यास, प्रोसेसरवरची पेस्ट पुसून नवी लावलीस आणि रजिस्ट्रीतही हात घातलास. संध्याकाळी गेम चाळीस मिनिटं चालला, म्हणून मित्रांना फोन केलेस. रात्री तो पुन्हा बंद पडला. आता मला सांग, ती चाळीस मिनिटं कशामुळे मिळाली? पेस्टमुळे, ड्रायव्हरमुळे, की स्टिक हलवल्यामुळे? तुला सांगता येणार नाही आणि मलाही नाही. सहा गोष्टी एकदम बदलून तू त्या दिवशी काही शोधलं नाहीस, उलट जे शोधता आलं असतं तेही पुसून टाकलंस. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो लिहून ठेवायचा, हे पहिल्या सेमिस्टरपासून मी तुमच्या कानीकपाळी ओरडते आहे. जर्नलमध्ये ते तू सुबक अक्षरात लिहितोस, वेळेवर सही घेतोस आणि स्वतःच्या मशीनसमोर बसलास की विसरतोस. मग ते जर्नल कोणासाठी लिहिलंस?

या सगळ्या गोंधळानंतर तू निकाल काय दिलास? ग्राफिक्स कार्ड गेलं, नवं घ्यावं लागेल. वडिलांना तसं सांगूनही टाकलंस. त्यांनी पतसंस्थेचं कर्ज काढून तुला हा पीसी असेंबल करू दिला, कारण तू त्यावर थ्रीडीचं काम शिकणार होतास. त्याचे हप्ते अजून चालू आहेत. हातात एकही पुरावा नसताना त्यांच्यापुढे नवा खर्च मांडायचा तुला काय अधिकार? गेम बंद पडतो याचा मला राग नाही, मशीन आहे, बिघडणारच. राग याचा आहे.

"पण स्क्रीनवरच आलं होतं, व्हिडिओ मेमरी संपली म्हणून." हो, आलं होतं. म्हणून काय झालं? २०२४ साली हाच संदेश जगभरच्या हजारो लोकांना येत होता. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरवर, त्यातही कोअर आय९-१३९००के आणि १४९००के या वरच्या मॉडेलवर, अनरियल इंजिनवर बनलेले गेम सुरू होतानाच कोसळायचे आणि व्हिडिओ मेमरी अपुरी असल्याची तक्रार करायचे. २४ जीबी मेमरीच्या कार्डांवरसुद्धा! लोकांनी ड्रायव्हर बदलून पाहिले, कार्डावर संशय घेतला. दोष प्रोसेसरमध्ये होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, असा सगळा प्रकार.

तो कसा घडत होता हे नीट समजून घे, कारण तुझ्या अभ्यासक्रमातल्या कुठल्याही धड्यापेक्षा हे जास्त उपयोगाचं आहे. गेम सुरू होताना त्याचे शेडर तयार होतात आणि दाबून लहान केलेला डेटा उलगडला जातो. ही कामं प्रोसेसर सगळे कोर पूर्ण जोराने चालवून करतो. उलगडताना एखादा बिट जरी चुकला तरी पुढच्या टप्प्याच्या हाती कचरा येतो. तो टप्पा अडतो आणि त्याला जेवढं कळलं तेवढंच सांगतो, की मागितलेली मेमरी मिळाली नाही. गणित मागे कुठे चुकलं हे त्याला कळायला मार्गच नसतो. डेटा उलगडण्याचं ऊडल हे तंत्र बनवणाऱ्या रॅड गेम टूल्सने तेव्हा उघडपणे सांगितलं, की हा सॉफ्टवेअरचा बग नाही. प्रोसेसरचा वेग थोडा खाली आणून पाहा. वेग उतरवला की पुष्कळांचे क्रॅश थांबत. बायोसमध्ये एक आकडा बदलायचा, एवढीच ती परीक्षा. तिला एक रुपयाही लागत नव्हता. पुढे जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं, की मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये सुधारलेला मायक्रोकोड आला, वॉरंटी २ वर्षांनी वाढवली गेली. ज्या चिपची आतून झीज झाली होती, ती मात्र अपडेटने भरून येणारी नव्हती.

यावरून उद्या "माझाही प्रोसेसर गेला" असं म्हणत येऊ नकोस. तुझा प्रोसेसर त्या पिढ्यांमधला नाही. यातून घ्यायचं ते हे, की गेम कुठे पडला ते संदेश सांगतो. का पडला ते तुला शोधावं लागतं.

इव्हेंट व्ह्यूअरचंही तू तेच केलंस. कर्नल-पॉवर ४१ दिसल्याबरोबर यादीत लिहिलंस, "एसएमपीएस खराब असू शकतो." ४१ चा अर्थ एवढाच, की विंडोज नीट बंद न होता मशीन पुन्हा सुरू झालं. पॉवरचं बटण तू स्वतः दाबून धरलंस तरी ही नोंद येते. त्याच यादीत व्हीया-लॉगर या नावाच्या नोंदी आहेत का, ते पाहिलंस? हार्डवेअरने स्वतः पकडलेली चूक तिथे नोंदली जाते आणि ती कॅशेची, कोरची की पीसीआय एक्सप्रेसची, हेही बहुतेक वेळा तिथे असतं. ब्लू स्क्रीननंतर विंडोजच्या मिनीडंप फोल्डरमध्ये पडलेल्या फायली उघडल्यास? त्या तर फॉरमॅट मारताना उडाल्या. म्हणजे पुरावाही तूच नष्ट केलास.

रजिस्ट्रीत काय केलंस तेही बोलू. ग्राफिक्स कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही, तर विंडोज त्याचा ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं. तू ती मुदत वाढवून ६० केलीस. आता कार्ड अडकलं की स्क्रीन मिनिटभर गोठून राहील आणि मग कोसळेल. दुखणं तिथेच राहिलं, फक्त कळायला उशीर होणार. घरी गेल्यावर पहिल्यांदा ते मूळ आकड्यावर आण.

आता रॅम. तुझ्या बिलांच्या फोटोंत दोन बिलं रॅमची आहेत. पहिलं पीसी घेतला तेव्हाचं, ३२ जीबीच्या जोडीचं. दुसरं दिवाळीतलं, आणखी एका जोडीचं. क्रॅश कधी सुरू झाले असं मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, "दिवाळीनंतर." हे दोन कागद शेजारी ठेवून बघावेत असं तुला एकदाही वाटलं नाही? कधीपासून बिघडलं आणि त्याच्या आधी काय बदललं, हा पहिला प्रश्न असतो. तुझ्या यादीत तो कुठेच नाही. स्टिकची जागा तू बदललीस, पण एकही स्टिक बाहेर काढून पाहिली नाहीस. चारही स्टिक एकाच वेळी आतच होत्या, मग अदलाबदलीतून तुला काय कळणार होतं?

रॅमच्या डब्यावर ६००० चा वेग छापलाय म्हणून मशीनने तो झेलायलाच हवा, असं तू धरून चाललास. त्या वेगासाठी बायोसमधलं एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करणं म्हणजे ओव्हरक्लॉकच. रॅम बनवणाऱ्याने आपली स्टिक त्या वेगाला चालेल असं सांगितलंय. तुझ्या प्रोसेसरच्या आतला मेमरी कंट्रोलर चार स्टिकसह तो वेग पेलेल, असं कोणीही सांगितलेलं नाही. रायझन ७००० मालिकेचं उदाहरण घे. एएमडीने दोन डीडीआर५ स्टिकसाठी ५२०० चा वेग दिला आहे आणि चार स्टिकसाठी फक्त ३६००. तू वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन जोड्या एकत्र लावल्यास आणि त्यांच्याकडून ६००० मागितलेस. जोडी म्हणून विकलेल्या स्टिक एकमेकींबरोबर तपासलेल्या असतात. वेगवेगळ्या डब्यांतल्या चार एकत्र चालतील, याची हमी कोणी देत नाही, मग मॉडेल नंबर तोच का असेना.

मेमटेस्ट८६ लावलास आणि एक फेरी संपल्यावर थांबवलास. "पास झाला" म्हणून रॅम यादीतून काढून टाकलीस. चुका सापडल्या तर रॅमकडे बोट दाखवता येतं. सापडल्या नाहीत म्हणून ती निर्दोष ठरत नाही. ती चाचणी चालते तेव्हा ग्राफिक्स कार्ड थंड असतं. गेममध्ये तेच कार्ड कॅबिनेटमधली हवा तापवतं आणि बाजूच्या स्टिकही तापतात. डीडीआर५ च्या चिपमध्ये चूक दुरुस्तीची सोय आहे, हे तू मला ऐकवलंस. ती चिपच्या आतपुरती आहे. स्टिक ते प्रोसेसर या वाटेवर चुकलेला बिट ती दुरुस्त करत नाही.

आणि याच रॅमवर तू विंडोज नव्याने टाकलंस! नव्या सिस्टमची प्रत्येक फाइल डिस्कवर जाताना याच चार स्टिकमधून गेली. रॅम चुकत असेल तर तुझं कोरं विंडोज जन्मापासूनच सडकं आहे. म्हणून रॅमचा निकाल लागल्याशिवाय फॉरमॅट मारायचा नसतो. तुझ्याच टिपणात एक मोलाची ओळ होती आणि तिच्याकडे तुझं लक्षच गेलं नाही: स्टीमवर गेमच्या फायली तपासल्या की दर वेळी वेगळ्याच फायली खराब निघतात. मागच्या वेळी बरोबर ठरलेल्या फायलींवर काहीच लिहिलं गेलेलं नसताना उत्तर दर वेळी बदलतंय, म्हणजे फायलींपेक्षा त्या वाचणाऱ्याकडे बघायला हवं. मी रॅमवर संशय घेते तो यासाठी. संशयच घेते आहे. निकाल तू लावायचा आहेस.

तापमानाचा तुझा मुद्दा मी बाजूला ठेवते. प्रोसेसर तापला तर आधी वेग कमी करतो, गेम अडखळायला लागतो. तसं काही तुझ्या नोंदीत नाही.

केबलबद्दल मात्र बोलावंच लागेल. तुझा हात चांगला आहे. कॅबिनेटची मागची बाजू इतकी नीट बांधलेली मी तुमच्या वर्गात दुसऱ्या कोणाची पाहिलेली नाही. म्हणूनच जास्त वाईट वाटतं. नीट दिसावं म्हणून तू ग्राफिक्स कार्डाच्या दोन्ही आठ-पिनी सॉकेटना एकाच केबलची दोन टोकं लावलीस. प्रत्येक सॉकेट १५० वॅटचं आहे आणि आताची कार्डं क्षणार्धासाठी सरासरीच्या कितीतरी वर वीज ओढतात. तो सगळा भार तू एकाच केबलवर टाकलास. एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबल आण. थोडं अस्ताव्यस्त दिसलं तरी चालेल.

आता काय करायचं ते लिहून घे. दिवाळीतली जोडी बाहेर काढ. जुनी जोडी प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये घाल. बायोस मूळ सेटिंगवर आण, एक्सएमपी बंद. पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहील. डीडीआर५ ला स्वतःचं ट्यूनिंग करायला वेळ लागतो. घाबरून प्लग काढू नकोस, गेल्या वेळी तू तेच केलंस. मग दोन दिवस दुसरं काहीही न बदलता तोच गेम, तोच सीन. तारीख, वेळ, किती मिनिटांनी पडला, संदेश काय, हे सगळं वहीत. नाही पडला तर एक्सएमपी चालू कर आणि पुन्हा तेवढंच थांब. त्यानंतर दुसरी जोडी एकटी. केबल बदलणं ही वेगळी पायरी, तिची वेगळी नोंद. घाई झाली म्हणून दोन पायऱ्या एकत्र केल्यास तर पुन्हा पहिलीपासून सुरुवात.

आणि आज घरी गेल्यावर वडिलांना सांग, की कार्डाचं मी पुराव्याशिवाय बोललो होतो. जेवायच्या आधी सांग.

हे सगळं करूनही मशीन पडलं, तर वही घेऊन शनिवारी लॅबमध्ये ये. चाचणीसाठी लॅबमधला एसएमपीएस मी देईन, त्याच्या स्वतःच्या केबलसह. तुझ्या केबल नीट बांधलेल्या आहेत म्हणून त्याच त्याला जोडायच्या नाहीत, कितीही फिट बसल्या तरी. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचीही. चुकीची केबल लावलीस तर हार्ड डिस्क आणि मदरबोर्ड एका क्षणात जळू शकतात.