भोगवर्धनचे दान आणि गटाचे गुण

जालन्यातल्या पॉलिटेक्निकमध्ये काय किंवा कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात काय, चार-पाच जणांनी मिळून प्रकल्प करायचा आणि गुण मात्र प्रत्येकाच्या नावापुढे वेगळे मांडायचे, ही रीत आता रुळली आहे. अहवाल एक, मॉडेल एक, रकाने पाच. तोंडी परीक्षेत कुणाला किती कळले ते उमगते. पण ही मुले एकमेकांबरोबर कशी वागली, हे त्या रकान्यात कसे उतरवायचे, इथे शिक्षकाचे पेन अडते. वरवर हा गुणतक्त्याचा प्रश्न दिसतो. मुळात तो न्यायाचा आहे: जे सगळ्यांनी मिळून केले, त्यात एकट्याचा म्हणून काही वाटा खरोखर असतो का?

या प्रश्नाचे एक जुने उत्तर जालन्याशीच जोडलेले आहे. जालना जिल्ह्यातले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. या गावच्या दात्यांचे उल्लेख थेट सांची आणि भारहुतच्या स्तूपांवरील दानलेखांत येतात. स्तूप साऱ्यांचा, पण कठड्याचा अमुक दगड अमक्याचे दान, असे तिथे कोरलेले आहे. सांचीच्याच दक्षिण तोरणावरचा एक लेख मात्र निराळा आहे. विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी हे कोरीवकाम केले, एवढेच तो सांगतो. एकाही कारागिराचे नाव देत नाही. त्याच तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा मुखिया आनंद याचे नाव आहे, पण तेही दाता म्हणून. काही दाने गोष्ठींनी, म्हणजे मंडळांनी, किंवा गावांनी मिळून दिलेली आहेत, त्यामुळे यातून काटेकोर नियम काढता येणार नाही. तरीही मला त्यात एक समज दिसते. दिलेला दगड मोजता येतो, म्हणून त्यावर नाव घालता येते. एकाने आखलेली आणि दुसऱ्याने खोदलेली आकृती कुणाची, हे सांगता येत नाही; तिथे श्रेय समूहाचेच राहते.

गटाचे श्रेयही असेच समूहाचे ठेवावे, यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: मग कामचुकारांचे फावेल. तो खोटा नाही. फ्रेंच कृषी अभियंता रिंगेलमान याने दोरी ओढण्याचे प्रयोग 1913 मध्ये प्रसिद्ध केले. माणसे वाढली की माणशी जोर घटतो, असे त्यात दिसले. 1979 मध्ये मानसशास्त्रज्ञ लाताने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टाळ्या आणि आरोळ्यांवर प्रयोग केले. ही घट केवळ मेळ न बसल्याने होत नाही, माणसे प्रयत्नही कमी करतात, असे त्यांना आढळले. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय हे कळले की आळस ओसरतो, हेही पुढच्या प्रयोगांनी दाखवले. पण आरोळ्यांची बेरीज होते, प्रकल्पाची होत नाही. एकीने विचारलेल्या नेमक्या शंकेमुळे चौघांचे आठवड्याचे काम वाचले, तर त्या शंकेचे गुण किती? म्हणून ‘सोबत्यांना शंभर गुण गुपचूप वाटून द्या’ ही सध्याची लोकप्रिय युक्ती मला पटत नाही. न मोजता येणाऱ्या गोष्टीला ती आकडा चिकटवते, आणि वर सोबत्यालाच न्यायाधीश करते.

आकडा न चिकटवता सोबत्यांचे वागणे तपासण्याचा एक मार्ग विनयपिटकाच्या, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमग्रंथाच्या, महावग्गात आहे. कोसलातल्या काही भिक्खूंनी भांडण नको म्हणून वर्षावासभर, म्हणजे पावसाळ्यात एका जागी राहण्याच्या काळात, एकमेकांशी बोलायचेच नाही असे ठरवले आणि तीन महिने शांततेत काढून मोठ्या समाधानाने बुद्धांकडे आले. बुद्धांनी शाबासकी दिली नाही. जनावरांसारखे एकत्र राहिलात, असे सुनावले. त्या प्रसंगातून प्रवारणेचा विधी आला: वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येक भिक्खूने संघापुढे येऊन, माझ्याविषयी काही पाहिले, ऐकले किंवा शंका आली असेल तर सांगा, अशी विनंती करायची. सुरुवात ज्येष्ठाने करायची. परीक्षा इथेही आहे, पण ती मागून घेतलेली आहे. तिच्यातून क्रमांक निघत नाही, दुरुस्ती निघते. आपल्या वर्गातले कितीतरी ‘उत्तम’ गट त्या कोसलच्या भिक्खूंसारखेच असतात. कामे वाटून घेतली, शेवटच्या रात्री पाने एकत्र बांधली, तक्रार कुणाची नाही.

गटाचे काम याच रीतीने तपासावे, असे माझे म्हणणे आहे. कामाचे गुण सगळ्यांना सारखे. आणि काम अर्ध्यावर असताना शिक्षकासमोर एक प्रवारणा, जिचे गुण नाहीत. उघड बोलताना दबलेली मुलगी किंवा दुसऱ्या जातीचा एकटा मुलगा गप्प बसेल, गुप्त कागदावर तरी खरे लिहील, हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. म्हणूनच ज्येष्ठाने आधी विचारण्याला अर्थ आहे: गटप्रमुखाने पहिल्यांदा स्वतःला तपासायला द्यावे. तेवढ्याने भीती जात नाही, तेव्हा शिक्षकाने एकेकाला वेगळे भेटावेच. मात्र तिथे ऐकावे, गुण मागू नयेत. निकालपत्राला आकडा लागतो, नोकरीला लागतो, हे खरे. व्यक्तीचा आकडा तोंडी आणि लेखी परीक्षा देतातच. राहिला तो, ज्याने काहीच केले नाही. त्याला दहापैकी तीन देणे ही पळवाट आहे. अर्ध्यावरच्या बैठकीनंतरही तो फिरकला नाही, तर त्याचे म्हणणे ऐकून शिक्षकाने अहवालावरून त्याचे नाव काढावे आणि त्याला वेगळे काम द्यावे.