सोडलेली जागा कुणाची?

शुक्रवार जवळ आला की पुण्यात राहणाऱ्या सोलापूरकरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. 'उद्याच्या हुतात्माचं एक कन्फर्म तिकीट आहे. माझं जाणं कॅन्सल. कुणाला पाहिजे का? फक्त जेन्ट्स, वय पंचवीस ते तीस.'

सगळी गोम शेवटच्या ओळीत आहे. तिकिटावर एका पुरुषाचं नाव आणि वय आहे, म्हणून बसणारा निदान तसा दिसायला तरी हवा. मेसेज टाकणाऱ्याला आतून पक्कं माहीत असतं की हे तिकीट असं देता येत नाही. तरी तो टाकतो, आणि त्याला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पैसे त्याने भरलेत. जागा रिकामी जाणार आहे. दुसऱ्या कुणाला घरी जायचंय. यात कुणाचं काय बिघडलं?

हा प्रश्न मला खरा वाटतो. 'नियम आहे' हे त्याचं उत्तर नाही. नियम का आहे, हे सांगता आलं पाहिजे.

आधी नियम काय आहे ते बघू. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम ५३ म्हणतं, ज्याच्या नावाने तिकीट, त्यानेच ते वापरायचं. कलम १४२ त्याला दात देतं. रिझर्व्हेशनचं तिकीट, सीझन पास किंवा रिटर्न तिकिटाचा उरलेला अर्धा भाग दुसऱ्याला प्रवासासाठी दिला, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा १९८९ साली ठरली. फुकट दिला तरी गुन्हा. घेणाराही सुटत नाही. तो त्या तिकिटावर बसला तर विनातिकीट धरला जातो.

त्यातला 'रिटर्नचा उरलेला अर्धा' हा भाग मला फार आवडतो. तो इंग्रजांच्या १८९० च्या रेल्वे कायद्यातही आहे. म्हणजे उरलेल्या तिकिटाची भानगड व्हॉट्सअ‍ॅपच्या सव्वाशे वर्षं आधीची. तेव्हा कारण सरळ होतं. जाऊन-येऊन तिकीट दोन सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडायचं. ती सवलत परत येणाऱ्या माणसाला होती. तुम्ही गेलात, तिकडेच राहिलात आणि अर्धा तुकडा तिसऱ्याला विकलात, तर ती सवलत भलत्याच खिशात गेली. अमेरिकेत तर एकोणिसाव्या शतकात यावर दुकानं चालत. लांबच्या तिकिटाचे न वापरलेले तुकडे विकत घ्यायचे आणि स्टेशनाबाहेर विकायचे. तिकिटाचा काळाबाजार करणाऱ्याला इंग्रजीत 'स्कॅल्पर' म्हणतात, तो शब्द त्यांच्यामुळे रूढ झाला.

आपल्या ग्रुपवरच्या मुलाला हे लागू होत नाही. त्याला ना सवलत मिळालीय, ना तो नफा कमावतोय. बरेचदा तो भाडंही मागत नाही, 'चहा पाज' म्हणतो. मग?

इथे मला पंढरपूरची दर्शनबारी आठवते. आषाढीला ती रांग गोपाळपूरपर्यंत जाते. समजा तुम्ही तासन्‌तास उभे आहात आणि घरून फोन आला, निघावं लागतंय. तुम्ही निघू शकता, कुणी अडवणार नाही. पण जाताना मागून आपल्या चुलतभावाला बोलावून 'ये, माझ्या जागी उभा राहा' म्हणालात, तर मागच्या माऊल्या काय म्हणतील? तुम्ही उभे राहिलात हे खरं, पण तेही राहिलेत. तुम्ही गेलात की सगळी रांग एका पावलाने पुढे सरकते. ते एक पाऊल त्यांचं आहे, तुमच्या चुलतभावाचं नाही.

रेल्वेत ही रांग दिसत नाही, एवढाच फरक. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या स्लीपरमध्ये एकदा साइड लोअरकडे बघा. एका बर्थवर दोन अनोळखी माणसं पाय आखडून बसलेली असतात, एक खिडकीकडे डोकं टेकवून, दुसरा बॅग छातीशी धरून. आरएसी. त्यांनीही पैसे भरलेत आणि मुंबईपर्यंत ती अशीच जाणार आहेत. कुणी आलं नाही तर त्याचा बर्थ त्यांच्यातल्या एकाला मिळतो. टीसीच्या हातात आता टॅबसारखं यंत्र असतं, त्यात रिकामी जागा टाकली की पुढचा नंबर लागतो. आणि नेमक्या त्या रात्री, न आलेल्या माणसाच्या बर्थवर त्याचा मित्र त्याचं नाव सांगून झोपलेला असतो. 'जागा वायाच जाणार होती' हे वाक्य त्या साइड लोअरवरच्या दोघांसमोर म्हणून बघावं.

आमच्या धंद्यातही हेच आहे. प्रोग्रामने मागितलेली मेमरी काम झालं की सोडायची असते. ती पुढे कुणाला द्यायची हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. तुमचा प्रोग्राम मोठ्या मनाने ती परस्पर दुसऱ्या प्रोग्रामला देऊ लागला तर मशीन कोसळतं. जागा सोडणं माझ्या हातात आहे. माझा वारस नेमणं माझ्या हातात नाही.

हे कायद्यालाही कळतं, असं मला कलम ५३ पुन्हा वाचताना वाटलं. त्यातच एक सूट आहे: एकाच गाडीतले प्रवासी आपसात जागा बदलू शकतात. 'काका, तुम्ही खालच्या बर्थवर या, मी वर जातो' हे गुन्हा नाही. कारण दोघंही आधीच रांगेत आहेत. कुणीही मधे घुसलेलं नाही.

आता रेल्वेची बाजूही तपासू, कारण ग्रुपवर दुसरा मुद्दा लगेच येतो. रेल्वे कोणती साधू आहे? तत्काळचं कन्फर्म तिकीट रद्द केलं तर दमडी मिळत नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेल्या नियमांत तर साधं कन्फर्म तिकीटही सुटण्याच्या चार तास आधीपर्यंत रद्द केलं नाही तर पैसे गेले. वर तीच जागा रेल्वे पुन्हा विकते, एका खुर्चीचे दोनदा पैसे. हा राग मला मान्य आहे. गाडी सुटायच्या आत रद्द केलेली जागा पुन्हा विकली गेली तर पहिल्याला थोडे तरी पैसे परत मिळावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. सॉफ्टवेअरला ते अवघड नाही. पण रागाचा हिशोब कुणाकडून वसूल करायचा, हा वेगळा प्रश्न. तिकीट मित्राला दिल्याने रेल्वेचं फारसं काही जात नाही. जातं ते साइड लोअरवाल्याचं.

हे सगळं मांडणं सोपं आहे, कारण त्यात घाई नाही. माझ्या रूमवर घाईची एक गोष्ट घडली. आम्ही तिघं पाच वर्षं एका फ्लॅटमध्ये राहतो. एका शुक्रवारी दुपारी एकाला फोन आला, वडिलांना सोलापुरात अ‍ॅडमिट केलंय, छातीत दुखतंय. दुसऱ्याचं त्याच संध्याकाळच्या हुतात्माचं तिकीट होतं. त्याने क्षणात मोबाइल पुढे केला, 'घे, जा.' चार्ट लागून गेला होता. नाव बदलायची वेळ गेली होती, आणि वेळ असती तरी बदललं नसतं, त्याचं कारण पुढे सांगतो.

त्याने स्क्रीनशॉट घेतला नाही. जनरलचं तिकीट काढलं, रिझर्व्हेशनच्या डब्यात दाराशी उभा राहिला आणि टीसी आल्यावर जे आहे ते सांगितलं: वडील दवाखान्यात आहेत, या नंबरच्या जागेवरचा मित्र येणार नाही, माझं तिकीट जनरलचं आहे, काय पावती होईल ती करा. टीसीने यंत्रात पाहिलं, 'थांब' म्हणाला. दौंडपर्यंत पोरगा उभाच होता. दौंडनंतर टीसीने फरक आणि दंडाची पावती फाडली आणि जागा दिली. नेमकी तीच, खिडकीची.

बाहेरून बघाल तर परिणाम एकच: मित्राच्या जागेवर मित्र बसला. पण दौंडपर्यंतच्या त्या उभं राहण्यात मला सगळा फरक दिसतो. मधल्या वेळात ती जागा दुसऱ्या कुणाला मिळू शकत होती, आणि ते त्याने मान्य केलं होतं. दुसऱ्या रूममेटने त्याला नंतर वेडा म्हटलं. 'बापाला अ‍ॅटॅक आलाय आणि हा नियम पाळतोय!' मला तो वेडा वाटला नाही. पण एक सांगतो, त्या दिवशी तो गुपचूप मित्राचं नाव सांगून बसला असता, तरी मी त्याला दोष दिला नसता. गरज खरी असेल तर रांगेतले लोक स्वतःच बाजूला होतात. फक्त त्यांना विचारावं लागतं.

गुपचूप बसण्यात आणखी एक गोष्ट आहे, जी विशी-पंचविशीत कुणाच्या डोक्यात येत नाही. गाडीला काही झालं तर चार्टवर नाव मित्राचं असतं. बुकिंग करताना काही पैशांत मिळतो तो विमाही त्याच्याच नावाचा. अपघातात मृत्यू झाला तर १ जानेवारी २०१७ पासून भरपाईची रक्कम आठ लाख आहे, पण मेलेला माणूस त्या गाडीचा खरा प्रवासी होता हे घरच्यांना दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रीना देवी प्रकरणात सांगितलं की मृताजवळ तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येणार नाही. चांगलंच झालं. तरीही, एका आईला चुकीचा फोन जाणार आणि दुसरीला जाणारच नाही, हे कुठलं न्यायालय दुरुस्त करणार?

आता ते राहिलेलं कारण. रेल्वे कन्फर्म तिकिटावरचं नाव बदलून देते. गाडी सुटण्याच्या २४ तास आधी अर्ज करायचा, एकदाच. पण कुणाच्या नावावर? आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको. यादी संपली. म्हणजे वर्षानुवर्षं न बोललेल्या सख्ख्या भावाला माझी जागा कायद्याने मिळते, आणि तापात माझ्या उशाशी रात्रभर बसलेल्या रूममेटला नाही. रांगेचं तत्त्व पाळायचं तर भावालाही देता येऊ नये. रांगेतले लोक भावासाठी का थांबतील? आणि माणुसकीची सूट द्यायची तर ती रक्त आणि लग्न यांच्यापाशीच का अडते? घर सोडून दुसऱ्या शहरात राहणाऱ्या लाखो पोरापोरींचं कुटुंब या यादीत बसत नाही. दलालांच्या भीतीने यादी लहान ठेवलीय, हे कळतं. ती भीती खोटी नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन तिकिटांचा बेकायदा धंदाही कलम १४३ खाली येतो, असा निकाल दिला. पण दलालासाठी विणलेल्या जाळ्यात रूममेट अडकतो आणि दलाल नवा आयडी काढतो.

वर्षातून एकदा, आधारला जोडलेल्या एखाद्या माणसाला नाव बदलून देता यावं, मग तो नात्याचा असो-नसो, असं काही करता येईल का? वर्षातून एकदाच म्हटल्यावर त्यात दलालाला धंदा नाही. रांगेवर अन्याय होईल, पण भावाला देताना होतो तेवढाच. हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा खाली लगेच उत्तर आलं, 'ते होईल तेव्हा होईल. रविवारच्या इंद्रायणीचं तिकीट आहे का कुणाकडे? लेडीज.'