सोन्याचा रंग कोणता?

सोनें पिवळें असतें हें सांगावयास शास्त्रज्ञाची गरज नाहीं; सराफाच्या कसोटीवरची रेघ तें सांगते. माणसाच्या योग्यतेचें मापही आपण तेथूनच उचललें आहे. अमका बावनकशी, तमका हिणकस असें बोलतांना आपण धरून चालतों कीं, गुण वस्तूच्या अंगचाच असतो, परिस्थिति तो फक्त उघडा करते. हें गृहीत कितपत टिकतें, याविषयीं खुद्द सोन्याचीच साक्ष काढावी असें आम्हांस वाटतें.

सोनें अम्लराजांत विरघळवून केलेला क्षार पाण्यांत फिका पिवळा दिसतो. हें पाणी उकळत ठेवून त्यांत सायट्रेट, म्हणजे लिंबाच्या आम्लाचा क्षार, टाकला कीं थोड्याच वेळांत पिवळेपणा जातो, पाणी निळसर काळें होतें आणि शेवटीं माणकासारखें लाल होऊन थांबतें. टर्केविच व त्याचे सहकारी यांनीं १९५१ सालीं ही कृति बारकाईनें अभ्यासून प्रसिद्ध केली. त्या लाल पाण्यांतील सोन्याचे कण सुमारें वीस नॅनोमीटरचे. पन्नास हजार एका ओळींत मांडावे तेव्हां एक मिलीमीटर भरतो. तरीही एकेका कणांत अदमासें अडीच लक्ष अणू असतात! रंगद्रव्य त्यांत कांहींच नाहीं. इतक्या अरुंद जागेंत कोंडलेले विद्युत्कण प्रकाशाबरोबर एकदम हेलकावे घेतात, हिरवा प्रकाश गिळतात, आणि आपल्या डोळ्यांस लाल तेवढा उरतो. मायकेल फॅरडेनें १८५७ च्या सुमारास केलेलीं अशीं द्रावणें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशननें जपून ठेविलीं आहेत.

वेदान्ती म्हणेल, अलंकार अनेक, सोनें एक. आकार केवळ नांवापुरता. हा दृष्टांत कीर्तनांतून ऐकतच आमच्या घरांतील पिढ्या वाढल्या. पण येथें तर आकारमान बदलतांच रंग बदलला! नैयायिक त्या मानानें सावध. त्यांनीं सोनें तैजस ठरविलें आणि त्याचा पिवळेपणा त्यांत मिसळलेल्या पार्थिव भागाच्या माथीं मारला. ही उपपत्ति आज कोणी स्वीकारणार नाहीं. तथापि पिवळेपणा सोन्याचा स्वतःचा नसावा ही शंका त्यांना आली, याचें आम्हांस कौतुक वाटतें.

रंगापेक्षांही हे कण जन्मतात कसे, हा भाग अधिक विचार करण्याजोगा आहे. ला मेर व डायनेगर यांनीं १९५० सालीं गंधकाच्या द्रावणांवरून त्याचें एक चित्र मांडलें. सोन्यापुरत्या त्यांत पुढें पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. स्थूल मानानें प्रकार असा: सुटे अणू एकत्र येऊन लहान लहान पुंजके करतात. अशा पुंजक्यांतील बहुतेक अणू पृष्ठावरच असल्यामुळें त्यांना शेजाऱ्यांचा पुरता आधार नसतो. म्हणून ठराविक आकारमान गांठण्यापूर्वींच कित्येक पुंजके मोडून पुन्हां विरघळतात. जो योगायोगानें ती मर्यादा ओलांडतो तो टिकतो, आणि भोंवतालचें सुटें सोनें घेऊन वाढत जातो. आतां विरघळले त्यांच्यांत कमअस्सल काय होतें? कांहींच नाहीं, तेंच सोनें, त्याच पाण्यांतलें.

राजापुराहून, संगमेश्वराहून, आमच्या रत्नागिरींतून मुंबईस गेलेलीं मुलें आठवावीं. एकाला आधीं गेलेल्या मामाच्या खोलींत पथारीपुरती जागा मिळाली, फी भरणारें कोणी भेटलें. दुसरा वर्षाच्या आंत बोचकें घेऊन गांवीं परतला. पहिल्याच्या सत्कारांत तो मुळांतच बावनकशी असल्याचें सांगतात, आणि दुसऱ्याच्या अंगांत धमकच नव्हती हा निकाल ओटीवर सुपारी कातरतां कातरतां दिला जातो. पहिल्यानें कष्ट केले यांत शंका नाहीं. पण दुसऱ्याविषयींचा तो निकाल आम्हांस सरळ अन्यायाचा वाटतो. कारण ज्या क्षणीं आधार हवा होता तो क्षण निकाल देणाऱ्यांपैकीं कोणीच पाहिलेला नसतो.

मग परिस्थितीच सर्व कांहीं, असें कोणी म्हणेल तर तेंही आम्हांस मान्य नाहीं. रुप्याचे कण असेच पाण्यांत केले तर ते लाल न दिसतां पिवळे दिसतात. (रुपें पिवळें आणि सोनें लाल, हें आमच्या आजीबाईंस पटविणें कठीण!) धातूला स्वतःचें म्हणणें आहे, तें कोणत्या शब्दांत उमटेल हें सोबत ठरविते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत मुरली शास्त्री व त्यांचे सहकारी यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सोन्याचा क्षार गवती चहाच्या अर्कांत घातला होता. आमच्या परसांत ज्याचें बेट माजतें आणि पावसाळ्यांत ज्याची पात चहांत पडते, तोच हा. त्या अर्कांत प्रथम वाटोळे कण झाले, आणि ते एकमेकांस मिळून सपाट त्रिकोणी चकत्या बनल्या.

सायट्रेटचें काम कण घडवून संपत नाहीं. तो कणांच्या अंगास चिकटून राहतो आणि त्याच्या ऋण विद्युत्भारामुळें ते परस्परांपासून दूर राहतात. त्या लाल पाण्यांत मिठाचे चार खडे टाकावे. तो भार झांकला जातो, कण एकमेकांस बिलगतात आणि पाणी निळें पडतें. त्या निळ्या पाण्यांतील सोन्यास हिणकस म्हणणारा सराफ मात्र आम्हांस अद्याप भेटलेला नाहीं.