बाहुलीचे झबले आणि देवाचा पोशाख

इंदूरच्या राजवाड्याजवळ कृष्णाबाई होळकरांनी १८३२ साली बांधविलेले गोपाळ मंदिर आहे. आसपासच्या बाजारात बाळकृष्णाचे वीतभर पोशाख जरीच्या गोटासह तयार मिळतात. तरीही देवाचे वस्त्र घरी शिवण्याची हौस अजून टिकून आहे. आणि त्या शिवणकामाचा पहिला धडा बहुधा बाहुलीच्या अंगावरच गिरविला जातो.

बाहुली तक्रार करीत नाही, देवही करीत नाही. मग आतली शिवण नीट असावी हा आग्रह कोणाकरिता? कायद्याने दोघांत मोठे अंतर आहे. १९२५ साली कलकत्त्याच्या एका कुटुंबाच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने देवमूर्ती ही केवळ चीजवस्तू नव्हे, तिला कायद्याच्या दृष्टीने व्यक्तित्व आहे, असे मानले. बाहुली मात्र निव्वळ मालमत्ता, (घरात दोन बहिणी असल्यास वादग्रस्तही.) परंतु जेथे हक्क नाही तेथे कर्तव्य नाही, हे आम्हां वकिलांचे सूत्र मला येथे अपुरे वाटते. हाती घेतलेल्या कामाचेही करणाऱ्यावर काही ऋण असते.

नवशिकी मुलगी जुन्या महेश्वरी लुगड्याचा तुकडा घेते. टिकल्या आधी आणि धावदोरा मागाहून, असा तिचा उलटा क्रम. आजी तो उसवावयास लावते आणि कडेने अर्धे बोट ‘माया’ सोडावयास सांगते. शिवणीच्या आत दडणारे हे जादा कापड बाहेरून दिसत नाही. पण ते नसल्यास टीप निसटते आणि पुढे वस्त्र वाढविता येत नाही. बाहुली वाढणार नाही, हे आजीला ठाऊक असते.