शंभर रुपयांची कपात

18 ऑगस्ट 1990 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी रायन व्हाइटच्या नावाच्या कायद्यावर सही केली. एड्स झालेल्या आणि विमा नसलेल्या किंवा अपुरा पडलेल्या माणसांच्या औषधपाण्याचा भार केंद्र सरकारने उचलावा, असे सांगणारा तो त्या देशातला पहिला मोठा कायदा. पहिल्या वर्षी त्यासाठी प्रत्यक्षात मिळाले सुमारे 22 कोटी डॉलर, म्हणजे कायद्याने आखलेल्या मर्यादेच्या जेमतेम पाव. यात कोणी कोणाला फसवले नव्हते. अमेरिकी काँग्रेसमध्ये एक समिती खर्चाला मान्यता देते आणि दुसरी समिती दर वर्षी रक्कम सोडते. पहिलीने उदारपणे लिहिलेला आकडा दुसरीवर बंधनकारक नसतो.

एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनांनी हे लवकर ओळखले आणि दर वर्षी वॉशिंग्टनला जाण्याचा शिरस्ता पाडला. 1990च्या दशकापासून 'एड्सवॉच' या नावाने तो चालू आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तो कार्यक्रम बऱ्यापैकी रटाळ वाटेल. राज्याराज्यांतून आलेले गट आपापल्या सिनेटरच्या आणि प्रतिनिधीच्या कचेरीत जातात. साहेब बहुधा भेटत नाहीत. भेटतो तो आरोग्याचा विषय पाहणारा एखादा तरुण साहाय्यक. तो वही उघडतो, पंधरा-वीस मिनिटे ऐकतो. पाहुण्यांच्या हातात मोजक्या मागण्यांचा कागद असतो: शहरांना मिळणाऱ्या 'भाग अ'साठी इतके, राज्यांच्या औषध योजनेसाठी इतके, दवाखान्यांसाठी इतके. मग गटातले कोणीतरी सांगते, मला अमुक साली लागण कळली, मी या योजनेच्या गोळ्यांवर आहे, कामावर जातो, माझ्या रक्तात विषाणू आता सापडत नाही. साहाय्यक लिहून घेतो. पुढच्या वर्षी साहाय्यक बदललेला असतो आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते.

या रटाळपणात मोठी ताकद आहे. रायन व्हाइट कायद्याचे शेवटचे नूतनीकरण 2009 साली झाले आणि खर्चाच्या मान्यतेची मुदत 2013 मध्ये संपली. तरीही काँग्रेस दर वर्षी पैसे सोडत राहिली. आज तो कार्यक्रम वर्षाला अडीच अब्ज डॉलरांच्या आसपास आहे आणि अमेरिकेत एचआयव्हीचे निदान झालेल्या निम्म्याहून अधिक लोकांना त्याचा काही ना काही आधार मिळतो. त्यामागे दर वर्षी न चुकता दार ठोठावणारी ही माणसे आहेत.

त्यांना हे दार कोणी उघडून दिले नव्हते. जून 1983 मध्ये डेन्व्हरच्या एका आरोग्य परिषदेत एड्स झालेल्या काही तरुणांनी व्यासपीठाचा ताबा घेतला आणि आपले म्हणणे वाचून दाखवले: आम्हाला 'बळी' म्हणू नका, आणि आमच्याविषयीचे निर्णय जिथे होतात त्या प्रत्येक पातळीवर आम्हाला जागा द्या. दोनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, त्यांच्यातला मायकेल कॅलन हा गायक काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्षीला बसला. विषाणूची ओळख अजून पक्की व्हायची होती, औषध नव्हते, आणि निदान म्हणजे मरणाची चिठ्ठी होती. कॅलन 1993 साली गेला. त्या सुनावणीत बोललेल्या रुग्णांपैकी कोणालाही आपल्या मागणीचे फळ स्वतःला मिळेल याची शाश्वती नव्हती.

मात्र कायद्याला नाव मिळाले ते यांच्यापैकी कोणाचे नाही. इंडियाना राज्यातल्या कोकोमो गावच्या रायन व्हाइटला हिमोफिलिया होता आणि रक्त गोठवणाऱ्या औषधातून त्याला लागण झाली. 1985 साली तेराव्या वर्षी त्याला शाळेने दार बंद केले आणि एप्रिल 1990 मध्ये, अठराव्या वर्षी, तो वारला. विधेयक त्या सुमाराला डेमोक्रॅट एडवर्ड केनेडी आणि रिपब्लिकन ऑरिन हॅच यांनी मिळून पुढे रेटले होते. मुलाच्या मृत्यूनंतर रायनची आई सिनेटरांना भेटत फिरली. जेसी हेल्म्स यांच्यासारखे सिनेटर समलिंगी पुरुषांच्या आजारावर सरकारी पैसा खर्च करायला उघड विरोध करत होते. त्या विरोधापुढे 'निष्पाप' मुलाचा चेहरा उपयोगी पडला. गंमत अशी, की रायनला स्वतःला हा भेद मान्य नव्हता. लागण कशीही झालेली असो, मी एड्स झालेल्या इतर कोणासारखाच आहे, असे तो म्हणत असे, हे त्याच्या आईने पुढे वारंवार सांगितले.

इथे या साऱ्या व्यवहारातली अडचण दिसते. पैसा मागणाऱ्याला आधी आपण मदतीला पात्र आहोत हे सिद्ध करावे लागते, आणि ते सिद्ध करायला स्वतःचे आयुष्य टेबलावर मांडावे लागते. न्यायालयात निदान पडदा तरी मिळतो. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयाने एचआयव्हीमुळे नोकरी नाकारलेल्या एका कामगाराला नाव न सांगता दाद मागू दिली. तो खटला 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' म्हणून ओळखला जातो आणि तो कामगार जिंकला. लोकप्रतिनिधीसमोर असे टोपणनाव चालत नाही. त्याला मतदार दिसावा लागतो, चेहऱ्यासकट. त्यामुळे चेहरा दाखवणे ज्यांना परवडते तेच पुढे येतात आणि ज्यांना घर, नोकरी किंवा नवरा गमवावा लागेल ते मागेच राहतात. अमेरिकेतही हे सुटलेले नाही.

तरी त्या भेटींना अर्थ आहे, कारण समोर बसलेल्याच्या साहेबाच्या हातात तिजोरीची किल्ली असते. 2011च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या राज्यांच्या एड्स औषध योजनांच्या प्रतीक्षायादीत 9,000 हून अधिक लोक ताटकळत होते. मंदीने लोकांचे विमे गेले होते आणि राज्यांनी हात आखडता घेतला होता. त्या काळात दारोदार झालेल्या मागणीचा परिणाम दिसला: 2010च्या उन्हाळ्यात अडीच कोटी डॉलर आणि 2011च्या जागतिक एड्सदिनी आणखी साडेतीन कोटी डॉलर या योजनांकडे वळवले गेले. पुढच्या काळात यादी ओसरली. 2025 साली, परदेशी मदतीतली कपात सिनेटपुढे आली तेव्हा 'पेपफार' या जागतिक एड्स कार्यक्रमावरची 40 कोटी डॉलरची कात्री सिनेटने मागे घ्यायला लावली. बाकीची कपात मात्र तशीच राहिली.

किल्ली दूरच्या कोणाच्या हातात असली की काय होते, हे सांगलीने पाहिले आहे. 'पेपफार'चा पाया घालणाऱ्या 2003 सालच्या अमेरिकी कायद्यात एक अट होती: पैसे घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाला आपला विरोध असल्याचे धोरण म्हणून जाहीर करावे. सांगलीत 1992 पासून काम करणारी 'संग्राम' ही संस्था आणि तिच्या सोबतीने उभी राहिलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे 'व्हॅम्प', यांचे कामच धंदा करणाऱ्या बायकांच्या भरवशावर चाललेले. निरोध वाटणाऱ्या त्याच, आणि आजारी मैत्रिणीला दवाखान्यात नेणाऱ्याही त्याच. त्यांच्याच विरोधात धोरण लिहून द्यायला 'संग्राम'ने नकार दिला आणि 2005 साली अमेरिकी मदतीवर पाणी सोडले. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ही अट तिथल्या संस्थांपुरती घटनाबाह्य ठरवली. 2020 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले, की अमेरिकी संस्थांच्या परदेशी शाखांना हे संरक्षण नाही. सांगलीत गोकुळनगरच्या वस्तीत धंदा करणाऱ्या बाईचे मत त्या सिनेटच्या निवडणुकीत नाही, म्हणून तिचे म्हणणे ऐकायला तिथे कोणी बांधील नव्हते.

मग निदान आपल्या देशात तरी तिचे मत चालते का? इथे प्रश्न अवघड होतो.

भारतीय संविधानाच्या 113 व्या अनुच्छेदानुसार लोकसभा अनुदानाची मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा त्यातली रक्कम कमी करू शकते. वाढवू शकत नाही. विधानसभेलाही हाच नियम लागू आहे. मागणी मांडण्याचा अधिकार सरकारचाच. म्हणून एखाद्या खासदाराला सभागृहात म्हणायचे असेल, की एड्स नियंत्रणासाठी ठेवलेली रक्कम तुटपुंजी आहे, तर त्याच्या हाती असते ती कपात सूचना: 'या मागणीतून 100 रुपये कमी करावेत.' जास्त पैसे हवेत हे सांगायला कमी करण्याचा ठराव मांडायचा, आणि चर्चा झाल्यावर तो मागे घ्यायचा किंवा फेटाळला जाताना पाहायचा. पक्षादेश मोडला तर 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याची टांगती तलवार असतेच. शिवाय चर्चा तरी होईल याची खात्री काय? 2018 आणि 2023 या दोन्ही वर्षी लोकसभेत साऱ्या मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मंजूर झाल्या.

अशा व्यवस्थेत खासदाराच्या दारात जाऊन पंधरा मिनिटे बोलणाऱ्या माणसाला सहानुभूती मिळेल, चहा मिळेल, फार तर मंत्र्याला एक पत्र जाईल. ऑस्कर फर्नांडिस यांच्या पुढाकाराने एचआयव्हीविषयी खासदारांचा मंच उभा राहिला होता, आणि एचआयव्हीचा कायदा संसदेपर्यंत आणण्यात अशा जागल्यांचा हातभार लागला, हे खरेच. पण रकमेचा आकडा अर्थमंत्रालयातल्या फायलींवर ठरतो. भारतातल्या बाधितांच्या संघटना न्यायालयात गेल्या, पेटंट कार्यालयात महागड्या औषधांना हरकती घेऊन गेल्या आणि शेवटी फूटपाथवर बसल्या. त्याला कोणी आततायीपणा म्हणू नये; जिथे निर्णय फिरू शकतो असे वाटले तिथे त्या गेल्या.

2022 चा जुलै घ्या. डोल्युटेग्राविर या मुख्य औषधाचा आणि मुलांच्या काही औषधांचा देशात अनेक ठिकाणी तुटवडा पडला. एआरटी म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचारांच्या केंद्रावर महिन्याच्या गोळ्यांऐवजी आठवड्याभराच्या मिळू लागल्या. रोजंदारीवरच्या माणसाने महिन्यातून चार वेळा खाडा करून तालुक्याहून जिल्ह्याच्या रुग्णालयात यायचे. आणि गोळ्यांत खंड पडला तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो, हे त्याला केंद्रातल्याच समुपदेशकाने पहिल्या दिवशी बजावलेले. दिल्लीत जनपथवरच्या चंद्रलोक इमारतीत, राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या म्हणजे 'नॅको'च्या कचेरीपाशी, बाधित लोक धरणे धरून बसले. धरणे 42 दिवस चालले. देशातल्या 95 टक्के रुग्णांना तुटवडा जाणवलेला नाही, असे सरकारचे म्हणणे होते. देशात तेव्हा एचआयव्हीसह जगणारे 24 लाखांच्या आसपास. उपचार घेणारे त्याहून कमी धरले तरी उरलेले पाच टक्के हजारोंच्या हिशोबात पडतात. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोटीस काढली.

बसलेल्यांच्या पाठीशी तेव्हा कायदाही होता, एचआयव्ही आणि एड्स कायदा, 2017. त्याच्या मसुद्याचे काम या शतकाच्या सुरुवातीला सुरू झाले. विधेयक राज्यसभेत आले 2014 साली आणि अमलात आले 10 सप्टेंबर 2018 रोजी. भेदभावाविरुद्ध त्यात चांगली कलमे आहेत. पण 14 व्या कलमात सरकारने उपचार पुरवावेत ते 'शक्य असेल तितपत', असे शब्द आले. बाधितांच्या संघटनांनी विधेयकावर सर्वांत कडाडून हरकत घेतली ती याच शब्दांना. ते तसेच राहिले. हक्क मान्य, पैशाची हमी नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो हलका नाही. ज्यांच्या आजाराभोवती बोलकी संघटना आहे त्यांनाच पैसा मिळू लागला, तर डायलिसिसच्या रांगेतल्या मूत्रपिंडाच्या रुग्णाने काय करायचे? सिकलसेलच्या गडचिरोलीतल्या पोराने काय करायचे? अमेरिकेत प्रत्येक आजाराचा स्वतंत्र दिवस, फीत आणि शिष्टमंडळ झाले आहे, आणि त्या गर्दीत गरिबांचे आजार मागे पडतात. पण त्यावर 'म्हणून कोणीच येऊ नये' हे उत्तर नव्हे. रुग्ण आले नाहीत तरी औषध कंपन्या, उपकरणांचे विक्रेते आणि मोठी रुग्णालये येतच असतात, आणि त्यांना वाट पुसावी लागत नाही.

आपल्या संसदेत रुग्णांचे म्हणणे ऐकायला एक जागा आधीच आहे. आरोग्यविषयक स्थायी समिती दर वर्षी मंत्रालयाच्या अनुदान मागण्या तपासते, सचिवांना बोलावते, प्रश्न विचारते आणि अहवाल मांडते. तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसल्या तरी त्यांवर काय कारवाई केली हे सरकारला लेखी सांगावे लागते. विधेयके तपासताना संसदीय समित्या बाहेरच्या लोकांच्या साक्षी घेतात; मागण्या तपासतानाही एआरटी केंद्राच्या रांगेतल्या माणसाला बोलावायला घटनेची आडकाठी नाही. बंद दाराआड बोलावले तर त्याला चेहरा जगाला दाखवण्याचीही गरज पडणार नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पाचवा टप्पा 15,471.94 कोटी रुपयांचा, सर्वस्वी केंद्राच्या खर्चाचा आणि मार्च 2026 पर्यंतचा. एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या सर्वाधिक असलेले राज्य महाराष्ट्र आहे, तेव्हा पुढच्या टप्प्याच्या रकमेवर बोलायला त्या समितीसमोर पहिली साक्ष इथल्या कोणाची झाली, तर ते वावगे ठरू नये.