तीस रुपयांची क्षमा



विषय वाचून काहींना हसू येईल. विषय आहे पार्किंगचे तीस रुपये. पण त्या तीस रुपयांनी आम्हा चौघींची चांगली परीक्षा घेतली, म्हणून इथे मांडतोय.

गुरुपौर्णिमेला गादीच्या मागे लावायच्या पडद्याचं कापड बघायला आम्ही इथे हैदराबादमध्येच एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये गेलो होतो. कापड बघितलं, भाव विचारला, वीस मिनिटांत परत. गेटवर पार्किंगचा ठेका घेतलेल्या कंपनीच्या मुलाने तीस रुपयांची चिठ्ठी पुढे केली. मागे हॉर्न सुरू झाले. आम्ही मुकाट पैसे दिले. वाटेत एक ताई म्हणाल्या, "वीस मिनिटांचे तीस रुपये?" दुसऱ्या म्हणाल्या, "जाऊ द्या हो, क्षमा करायला शिकायचं." सगळ्यांना ते पटलं. मनाला छानही वाटलं.

संध्याकाळी एका ताईंच्या मुलाने नियम सांगितला. मॉल, मल्टिप्लेक्स आणि अशा कॉम्प्लेक्सच्या पार्किंगसाठी तेलंगणा सरकारने २०१८ मध्येच नियम घालून दिलाय. पहिली तीस मिनिटं खरेदी केली काय, न केली काय, पैसे नाहीत. अर्ध्या तासानंतर एक तासापर्यंत तिथल्या खरेदीचं बिल दाखवलं तर माफ. तासाच्या वर गेलं, तर बिल पार्किंगच्या रकमेपेक्षा जास्तीचं हवं. एकच पडदा असलेल्या थिएटरांना मात्र २०२१ मध्ये पैसे घ्यायची मुभा मिळाली. (दुसऱ्या गावच्या मंडळींनी आपापल्या राज्याचा नियम आधी बघावा, मगच बोलावं.)

आता आमच्या क्षमेचं काय झालं? क्षमा करायची तर आधी समोरच्याची चूक कळायला हवी. आम्हाला नियमच ठाऊक नव्हता. होती ती मागच्या हॉर्नची धास्ती आणि थोडा आळस. त्यालाच आम्ही क्षमेचं नाव देऊन मोकळ्या झालो. महाभारतात वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला प्रल्हाद आणि बळीचा संवाद सांगते. नेहमीच कठोर राहणं बरं नाही, तसं नेहमीच क्षमा करत राहणंही बरं नाही, असं प्रल्हाद नातवाला समजावतो. आपण त्यातला अर्धाच भाग लक्षात ठेवतो, जो सोयीचा असतो तो.

आठवड्याने नमुना परत द्यायला गेलो तेव्हा नियम पाठ होता. याही वेळी वीस-बावीस मिनिटंच झाली. त्याच मुलाने तीस रुपये मागितले आणि मग आमच्या तोंडाचा पट्टा सुटला. चौघी एकदम बोलत होतो. लोक बघायला लागले. शेवटी त्याने आडवा दांडा वर केला आणि हळूच म्हणाला, "चिठ्ठी निकल गई अम्मा, अब मेरेच पैसे कटते."

आम्ही जिंकून घरी आलो, पण जेवण गोड लागलं नाही. नियम आमच्या बाजूने होता, शब्द खरे होते, आणि मार मात्र पडला दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या पोरावर. ज्याने हा दर लावला तो तर गेटवर नव्हताच.

दुसऱ्या दिवशी एक ताई जाऊन त्याला तीस रुपये देऊन आल्या. तो आधी घेईना, मग घेतले. यावर आमच्यात वाद झाला. "म्हणजे कंपनीला तिचे तीस रुपये मिळालेच की!" खरं आहे. पण कंपनीशी भांडण कंपनीशीच करायला हवं, पोराच्या पगारातून नव्हे. म्हणून आम्ही कॉम्प्लेक्सच्या ऑफिसला पत्र लिहिलं. पहिल्या दिवसाच्या चिठ्ठीची झेरॉक्स जोडली, तारीख-वेळ लिहिली, मुलाचा उल्लेख केला नाही. एक प्रत महापालिकेला दिली. उत्तर अजून आलेलं नाही.

तिसऱ्या खेपेला कापड घ्यायलाच गेलो. हवा तो रंग गोदामातून येतो म्हणत दुकानदाराने बसवून ठेवलं आणि शेवटी कापड आलंच नाही. पन्नास मिनिटं झाली, बिल काही नाही. गेटवर आता नियमाची छोटी पाटी दिसली. आमच्या पत्राने लागली की आणखी कोणाच्या, देव जाणे. मुलाने आम्हाला ओळखलं, घाईघाईने दांडा वर केला आणि हाताने "जा, जा" केलं.

गाडीत क्षणभर कोणी बोललं नाही. एक ताई म्हणाल्या, "पहिल्या दिवशी उगीच तीस गेलेत, आज फिटले." हिशेब बरोबर वाटत होता. पण फिटले हे ठरवणाऱ्या आम्हीच, आणि फायदाही आमचाच! शिवाय तो मुलगा आम्हाला सोडत होता तो नियमाने नव्हे, आमच्या आरडाओरड्याला घाबरून. वीस मिनिटांना जो नियम आमचा होता, तोच पन्नास मिनिटांना कंपनीचा होता. आम्ही थांबलो, तीस रुपये दिले आणि चिठ्ठी मागून घेतली. तो बघतच राहिला.

त्या ताई अजून म्हणतात, आपण भोळ्या ठरलो. असेलही. पण आधीचे तीस रुपये मागायचे तर पत्राने मागू, गुपचूप कापून घेणार नाही. नाही म्हणायचं तिथे शांतपणे नाही म्हणावं, योग्य माणसाला म्हणावं, आणि देणं लागतो तिथे कोणी मागायच्या आधी द्यावं. जप करताना हे सोपं वाटतं. गेटवर, मागे हॉर्न वाजत असताना जमलं तर खरं.

पडद्याचं कापड शेवटी सुलतान बाजारातून आणलं. गाडी घरीच ठेवली होती, रिक्षाने गेलो.

आपल्या सेवेत,
भगिनी सेवा गट, हैदराबाद