रानटी कोण, कलमी कोण?

शब्बाथ शाळेत उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचा धडा चालू असता एका मुलाने विचारले, "देवाने केले ते सर्व चांगले, तर कडू फळांची झाडे त्याने कशाला केली?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जे आपल्या उपयोगी पडत नाही, त्याचे आपण काही देणे लागतो काय, असाच तो प्रश्न आहे.

मध्य आशियातील तिएन शान पर्वताच्या उतारांवर रानटी सफरचंदांची जंगले आहेत. शास्त्रज्ञ या जातीला 'मॅलस सिव्हर्सी' म्हणतात. तेथे कोणी लागवड केलेली नाही. अस्वले फळे खातात आणि बी पसरते. एका झाडाचे फळ गोड, तर शेजारच्याचे तोंडात धरवत नाही. १९२९ साली रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव कझाकस्तानातील अल्माटीजवळ आले, आणि सफरचंदाचे मूळ घर हेच, असे त्यांनी ओळखले. २०१० साली जनुकांच्या अभ्यासानेही त्याला दुजोरा दिला. काश्मीर-हिमाचलहून आपल्या बाजारात येणाऱ्या सफरचंदाचे कुळ ते हेच.

बागेतील सफरचंद बी पेरून जसेच्या तसे मिळत नाही. कलमच बांधावे लागते. म्हणून एका वाणाची सारी झाडे एकसारखी, आणि एकाला लागणारा रोग सर्वांना लागतो. रानातले प्रत्येक झाड मात्र निराळे. त्यांतील काहींत रोगाला तोंड देण्याची शक्ती असते, आणि संशोधक तिच्यासाठी पुन्हा त्याच रानाकडे वळतात. तरीही शेतांसाठी व घरांसाठी ही जंगले तोडली गेली, आणि आज ही जात धोक्यात आहे.

तेव्हा उद्या उपयोगी पडेल म्हणून ती राखावी, असे कोणी म्हणेल. पण हाही व्यापाराचाच हिशेब झाला. उद्या काही उपयोग नाही असे ठरले, तर कुऱ्हाड चालवावी काय?

येथे प्रेषित पौल आपला तोरा उतरवतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ११ व्या अध्यायात तो विदेशी विश्वासणाऱ्यांना रानटी जैतुनाच्या फांदीची उपमा देतो. चांगल्या झाडाला तिचे कलम झाले ते तिच्या गुणांमुळे नव्हे, तर देवाच्या कृपेने. मग तिने कोणापुढे ताठा मिरवावा? आपण स्वतःला कलमी समजून दुसऱ्यांना रानटी म्हणतो. पौलाच्या दृष्टीने रानटी ते आपणच.

बंधुभगिनींनो, वर्गातले दांडगे मूल आपल्याला नकोसे होते. ज्या खेड्यातील मंडळीत आपल्या आजोबांचा बाप्तिस्मा झाला, तिच्याकडून आता वर्गणी येत नाही, म्हणून तिची आठवणही होत नाही. आपल्या मुळाशी आपण असे वागतो.

त्या मुलाला मी एवढेच म्हणालो, "बाळ, देवाने झाडे केली तिसऱ्या दिवशी, आणि ती चांगली आहेत असे त्याने पाहिले. मनुष्य झाला सहाव्या दिवशी. फळ चाखणारे आपण तेव्हा नव्हतोच."